मधला पट्टा

हाल्डासे बेटावर घर मोजायचे ते वल्ह्यांनी. कोणाचे घर दोन वल्ह्यांचे, कोणाचे एका वल्ह्याचे. बेटाचे गलबत बाहेर पडायचे झाले की त्या घराने तितकी माणसे द्यायची, आणि त्याबदल्यात शेत, गवत आणि किनाऱ्याला लागणाऱ्या शेवाळाचा वाटा घ्यायचा. ही मोजणी नॉर्वेच्या राजाच्या काळापासूनची. राग्नाल्टची आजी त्या राजाची रयत म्हणून जन्मली आणि स्कॉटलंडच्या राजाची रयत म्हणून मेली, आणि तेवढ्या काळात ती आपल्या चुलीपासून मैलभरसुद्धा लांब गेली नाही. राजा बदलला हे बेटाला वर्षभराने कळले. मोजणी होती तशीच राहिली.

राग्नाल्टचे घर एका वल्ह्याचे. ते वल्हे तिच्या नवऱ्याच्या, आस्गलच्या नावावर होते, पण आस्गल वल्ह्यावर बसत नसे. तो दोरकरी होता. शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर हातात धरून तो सुकाणूपाशी बसायचा. वारा अंगावर आला की मूठ उघडायची, वारा ओसरला की पुन्हा आवळायची, एवढेच काम. पण सव्वीस वल्हेकऱ्यांचा जीव त्या मुठीत असे. म्हणून दोरकऱ्याला एकच नियम होता. दोर कुठे बांधायचा नाही आणि हाताला गुंडाळायचा नाही.

आस्गल जाऊन दोन हिवाळे झाले होते. मुख्य भूमीवरून लाकूड घेऊन गलबत परत येत होते. हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या संत मार्टिनच्या सणाला सहा दिवस बाकी होते. दक्षिणेच्या सुळक्याजवळ वावटळ आली. गलबत कलंडले, मग कसेबसे सरळ झाले, आणि उरलेल्या माणसांनी ते वल्ही मारत घरी आणले. सात माणसे परत आली नाहीत. शीडही आले नाही.

सुकाणूवर आस्गलचा धाकटा भाऊ लागमन होता. गलबताचा तांडेल तोच. तो किनाऱ्यावर उतरला आणि सर्वांदेखत म्हणाला, "शीड फाटलं."

त्या शिडाचे नऊ पट्टे नऊ घरांत विणलेले होते. मधला पट्टा डोलकाठीसमोर येतो आणि सगळा वारा आधी तोच खातो. तो राग्नाल्टने विणला होता.

तिला कोणी तोंडावर काही बोलले नाही. तिला रडूही आले नाही. बायका दोन दिवस तिच्या घरी येऊन बसल्या, वाट पाहून उठून गेल्या. आस्गल गेल्याचे कळले त्या संध्याकाळी तिने गाय पिळली होती. दूध नेहमीइतकेच निघाले, हे तिच्या लक्षात राहिले. पुढे ती सगळे करत राहिली. चुलीत जाळायला काळ्या मातीची ढेकळे कापून वाळवली, सातू पेरला, कापला, मासे खारवले. जेवताना आपण काय खातो आहोत ते तिला बघितल्याशिवाय कळत नसे. दुसऱ्या वर्षी बायकांनी मिळून लोकर पिंजायला घेतली तेव्हा तिला बोलवायचे राहून गेले. तिसऱ्यांदा राहून गेले तेव्हा तिला कळले की ते राहून जात नव्हते.

त्या वर्षी शरदात, संत मायकेलच्या सणानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, म्हातारा टोरमोद तिच्याकडे आला. गलबताची छपरी आणि बेटाची मोजणी दोन्ही त्याच्याकडे होती. तो दाराशीच उभा राहिला. तिने सारवलेल्या चुलीजवळ तिवई सरकवली तेव्हा आत येऊन बसला.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला.

"बेटांच्या धनीणबाईंचा माणूस येऊन गेला, एवढं ऐकलं."

"मुख्य भूमीचा राजा इकडे आलाय. आपल्या बेटांत लपलाय कुठेतरी. वसंतात गादीवर बसला नि उन्हाळ्यात पळाला. इंग्रजांनी पार धुऊन काढला त्याला."

"मग आपण काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? त्याला परत न्यायचा. तिकडे त्याचं म्हणायला कोणी उरलं नाही म्हणे. त्याच्याकडे आता आहेत ती आपली गलबतं." टोरमोदने गुडघे चोळले. "हिवाळा सरता सरता, संत ब्रिजिटच्या दिवशी सगळी बेटं निघणार. प्रत्येक बेटाचं एक गलबत. आपलं गलबत आहे, शीड नाही. दोन वर्षं वल्ह्यांवरच भागवलं."

राग्नाल्ट चाती फिरवत होती. ती थांबवली नाही.

"तुझ्या घरात वल्ह्यावर बसायला माणूस नाही," तो म्हणाला. "जुनी रीत तुला माहीत आहे. माणूस नसेल त्या घराने शिडाचा पट्टा द्यायचा. पट्टा लागला की वल्हं मोजलं."

"देते."

टोरमोदने खाली पाहिले. "पट्टा कडेचा दे."

"कडेचा पट्टा अर्ध्या वल्ह्याचा."

"हो."

"म्हणजे अर्धं शेत जाणार."

"माझा पुतण्या इवर घेईल कसायला. परक्याकडे नाही जात." त्याला स्वतःलाच ते बरे वाटले नसावे, तो घाईने पुढे बोलला. "पोरी, मी काही म्हणत नाही. पण घराघरांतल्या बायका म्हणतात. त्यांची माणसं त्या शिडाखाली बसणार. मधला पट्टा तुझा म्हटलं तर त्या आपल्या माणसांना किनाऱ्यावर येऊच देणार नाहीत."

"कुठल्या घरांतल्या? गेलेल्या सहा जणांच्या घरांतल्या?"

"त्या बोलतच नाहीत. बाकीच्या बोलतात."

तो गेल्यावर राग्नाल्टने अर्ध्या शेताचा विचार करून पाहिला. अर्ध्या शेतावर गाय राहत नाही. गाय नसेल तर हिवाळा निघत नाही, म्हणजे कोणाच्या तरी घरी चुलीमागे झोपायला जायचे. हे सगळे तिला अगदी स्पष्ट दिसले, पण दुसऱ्या कोणाचे ऐकावे तसे. तिने सूत कातायला घेतले.

शिडाचे सूत दोन तऱ्हेचे. त्यांच्या मेंढ्यांना वर लांब राठ केस आणि खाली मऊ लोकर असते. राठ केसांचा ताणा करायचा आणि त्याला पीळ उजवा द्यायचा. मऊ लोकरीचा बाणा, त्याला पीळ डावा. मग वारा जितका दाबेल तितके धागे एकमेकांना घट्ट चावतात. एखादीने दोन्हीकडे एकच पीळ दिला तर कापड दिसायला तसेच दिसते, पण ओढ बसली की उसवत जाते. त्या बेटावर शीड फाटले म्हटले की प्रत्येक बाईच्या मनात हीच चूक आधी येई. आपण तसे केले असेल का, हे राग्नाल्टने दोन वर्षांत स्वतःला किती वेळा विचारले होते याला सुमार नव्हता. तिला आठवत नव्हते. ती पीळ हाताने देत असे, डोक्याने नव्हे.

मग तिला कोंबड्यांच्या खुराड्यावरचे फडके आठवले.

मधल्या पट्ट्याचे शेवटचे हातभर कापड उरले होते. तेही गेरू आणि चरबी लावलेले, बाकीच्या शिडासारखेच. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तिने ते खुराड्यावर टाकले होते. तिने ते काढले, झटकले, धुतले आणि आढ्याच्या वाशाला एका टोकाने बांधले. दुसऱ्या टोकाला मागाचे तीन दगड लटकवले. ताणा ताठ राहावा म्हणून मागाला लावतात तेच, भोक पाडलेले दगड. कापड तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी तिने चौथा दगड लावला.

ती रोज एक दगड लावत गेली. त्यात तिला आशा होती असे म्हणता येणार नाही. सकाळी गाय पिळायची, दगड लावायचा, मागावर उभे राहायचे. पट्टा कडेचा असो की मधला, विणायचा तर होताच.

तिची नणंद फिन्नुला शेजारीच राहायची. आस्गलची मोठी बहीण. जिभेला धार, पण वाटी-वाटी दही पाठवण्यात कधी खंड नाही. ती एक दिवस दही घेऊन आली आणि वर बघून उभीच राहिली.

"हे काय? पाळणा बांधलास?"

"दगड टांगलेत, वन्सं."

"ते दिसतंय. अंगाई म्हणतेस का त्यांना?"

"कापड किती धरतं ते बघतेय."

फिन्नुलाने दगड मोजले. एकोणीस होते. तिने कापडाच्या काठावरून बोट फिरवले आणि तिच्या तोंडावरचे हसू गेले. "कशाला उकरतेस?" ती म्हणाली. "शीड फाटलं. सात जण गेले. फादर दरवर्षी सातही नावं घेतात. झालं ते झालं. दही आंबट आहे, लवकर खा."

संत मार्टिनच्या सणापर्यंत एकतीस दगड झाले. तिच्याकडचे दगड संपले. तिने जात्याची वरची तळी काढली, तिच्या भोकातून दोर ओवला आणि ती लटकवली. वासा कुरकुरला. कापड ताठ झाले, त्याच्या कडा थरथरल्या आणि थांबल्या. एकही धागा सुटला नाही.

चार दिवस वाट पाहून तिने लागमनला निरोप पाठवला.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दोन वर्षांत तो तिच्या घरात पाच वेळा आला होता, प्रत्येक वेळी काहीतरी द्यायला. मासे, एक कोकरू, छपरासाठी दोर. बसला कधीच नव्हता. आजही त्याच्या हातात वाळवलेल्या माशांची माळ होती. आत आल्यावर त्याला समोरच ते दिसले. त्याने माळ हळूच खाली ठेवली.

"भावोजी," राग्नाल्ट म्हणाली, "हे त्याच शिडाचं कापड आहे. माझ्या पट्ट्याचं."

लागमनने वर वाशापर्यंत पाहिले.

"जातं लावलंय. फाटत नाही."

"वारा वेगळा असतो, वहिनी."

"हो. किती वेगळा?"

लागमन तिवईवर बसला. थोडा वेळ त्याने जात्याकडे पाहिले. ते अगदी हळू फिरत होते, थांबत होते, उलटे फिरत होते.

"शीड नाही फाटलं," तो म्हणाला.

ती मागापाशी उभी होती. तिने हातातली बाणा ठोकायची फळी खाली ठेवली.

"दादानं दोर हाताला गुंडाळला होता. दोन वेढे. मनगटावर. वावटळ आली तेव्हा मी ओरडलो, सोड. त्यानं मूठ उघडली. मी पाहिलं, वहिनी, मूठ उघडी होती त्याची. पण दोर सुटेना. शीड फाटलं असतं तर वाचलो असतो आम्ही. ते भरतच गेलं. खालच्या बाजूच्या सहा जणांवरून पाणी गेलं, तिथे पुन्हा कोणी दिसलं नाही. माझ्या पायापाशी कुऱ्हाड होती. शीड वर ओढून बांधतात तो दोर माझ्या मागेच होता. मी तो तोडला. आडवी काठी आणि शीड पाण्यात पडलं. गलबत सरळ झालं. शीड बुडालं, आणि दादा शिडाला बांधलेला."

बाहेर कोंबड्या भांडत होत्या. खुराड्यावर आता काही नव्हते.

"का गुंडाळला?" राग्नाल्टने विचारले.

"बोटं गेली होती त्याची. आदल्या हिवाळ्यात गारठली ती परत आलीच नाहीत. दोर हातात आहे की नाही ते त्याला कळायचं नाही. निसटला तर कळणार नाही म्हणून गुंडाळायचा. मला त्या दिवशी दिसलं, आधी नाही. सांगितलं असतं तर दोर काढून घेतला असता ना टोरमोदबाबांनी, वल्ह्यावर बसवला असता."

राग्नाल्टला सकाळची वेळ आठवली. शेवटच्या हिवाळ्यात आस्गल रोज सकाळी पाय पुढे करून बसायचा आणि ती त्याच्या चपलांचे बंद बांधायची. "माझं बाळ ते," असे ती म्हणायची. तो म्हणायचा, "बायको कशाला केली मग?" ती गाठ मारायची. तेव्हा तिला तो आळस वाटला होता.

"आणि तुम्ही म्हणालात, शीड फाटलं," ती म्हणाली.

"काय म्हणणार होतो? ज्याच्या चुकीनं माणसं जातात त्याचं नाव चर्चमध्ये घेत नाहीत. सहा घरं आहेत. ती त्याच्या नावावर थुंकली असती. मला वाटलं, शिडाचं काय. शिडाला कुठे लाज असते."

"शिडाला विणणारे हात असतात, भावोजी."

तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणशील तर मी टोरमोदबाबांना सांगतो. आत्ता जातो."

तिने विचार केला. तिला राग आला नाही. यायला हवा होता हे तिला समजत होते. तिला फक्त सात नावे दिसत होती, फादर ज्या क्रमाने घेत त्या क्रमाने. आस्गलचे चौथे.

"नको," ती म्हणाली. "कोणाला काही सांगू नका. एवढं जातं उतरवायला हात लावा."

पण चार दिवसांनी तिने ते पुन्हा टांगले, या वेळी गलबताच्या छपरीत. लागमन आणि इवर गलबताच्या फळ्यांत लोकर आणि डांबर भरत होते. इवर म्हणजे टोरमोदचा पुतण्या, बावीस वर्षांचा, दोरकरी म्हणून नुकताच नेमलेला आणि त्याची ऐट मिरवणारा. त्याने तिला दगड वाहताना पाहिले.

"काकू, घर बांधायचंय का इथे? माझ्या अर्ध्या शेतातले दगड घेऊन जा की, भरपूर आहेत."

"अजून ते तुझं झालं नाही," राग्नाल्ट म्हणाली. "हा धर. वर बांध."

त्याने बांधले. टोरमोद आला तेव्हा एकतीस दगड आणि जात्याची तळी दारातच लटकत होती. वाकल्याशिवाय आत येता येत नव्हते. तो वाकला, आत आला, मग वळून उभा राहिला.

"हे त्या शिडाचं?"

"त्याच पट्ट्याचं. उरलं होतं."

"किती दिवस टांगलंय?"

"एक एक दगड करत महिनाभर. जातं पाच दिवस. मधे चार दिवस उतरवलं होतं."

टोरमोदने कापड हातात धरले. एक धागा नखाने वेगळा केला, त्याचा पीळ पाहिला, दुसऱ्याचा पाहिला. तो पन्नास वर्षे समुद्रावर होता. शीड फाटले नसेल तर आणखी काय काय होऊ शकते हे त्याला सांगावे लागत नव्हते. त्याने लागमनकडे पाहिले. लागमन डांबराच्या भांड्यात ढवळत होता. ते ढवळून कधीच झाले होते.

टोरमोदने कापड सोडून दिले.

"लोक विचारतील," तो राग्नाल्टला म्हणाला.

"त्यांना जातं दाखवा."

"आणि पुढचं विचारलं तर?"

"मला पुढचं माहीत नाही."

म्हाताऱ्याने लटकणारे जाते एका बोटाने ढकलून पाहिले. समुद्राचा आवाज छपरीत घुमत होता. मग तो म्हणाला, "मधला विण." आणि वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "इवर, इकडे ये. बोटं दाखव."

"बोटं? का?"

"दाखव म्हटलं ना."

इवरने दहाही बोटे पुढे केली. टोरमोदने एकेक दाबून पाहिले. इवरला ती गंमत वाटली. बाकी कोणाला वाटली नाही.

बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेली. बायका छपरीत येऊन जाते पाहून गेल्या. काही हात लावून गेल्या. दुसऱ्या सकाळी राग्नाल्टच्या दाराशी पिंजलेल्या लोकरीच्या तीन टोपल्या होत्या. त्यांतली एक गेलेल्या सहा जणांच्या घरांपैकी एका घरची होती, हे तिने टोपलीच्या विणीवरून ओळखले.

फिन्नुला मात्र आली नाही. दही बंद झाले. विहिरीवर भेटली तेव्हा तिने घागर भरली आणि पाठ वळवूनच म्हणाली, "माझ्या भावाला दगड बांधून दारात टांगलंस."

"वन्सं, मी कोणाचं नाव घेतलं नाही."

"घ्यायला कशाला हवं? मला डोकं नाही?"

नाताळ गेला. राग्नाल्टने पट्टा पुरा केला, दीड हात रुंद आणि सोळा हात लांब. तिने तो लाकडी खुंट्यांवर ताणला आणि चरबी वितळवायला ठेवली. गेरू खलला. हे काम एकटीचे नाही. एकीने गरम चरबी ओतायची आणि दुसरीने ती निवायच्या आत हाताने चोळत न्यायची. ती एकटीनेच दोन्ही करू लागली. तीन हात झाले असतील तेव्हा फिन्नुला येऊन समोर बसली, बाह्या वर केल्या आणि चोळू लागली.

ओतत, चोळत पट्टा अर्धा झाला.

"त्याचा पट्टा मी आवळायचे," फिन्नुला एकदम म्हणाली. "कमरेचा. तू घरी नसलीस की यायचा. म्हणायचा, ताई, जरा बकल लाव. मला वाटायचं लाडात येतोय. एवढा मोठा घोडा."

"मी चपलांचे बंद बांधायचे."

"रोज?"

"रोज."

फिन्नुलाने हात थांबवला नाही. तिच्या नाकाच्या टोकावरून पाणी शिडावर पडले आणि गेरूवर गोल थेंब होऊन राहिले, कारण चरबी बसली होती. "हे बघ," ती म्हणाली, "पाणी आत जात नाही. चांगलं झालंय." राग्नाल्टने पाहिले. पाणी खरोखरच आत जात नव्हते.

संत ब्रिजिटच्या दिवशी वारा पश्चिमेचा होता, थंडी कडक, आकाश साफ. सगळे बेट किनाऱ्यावर आले होते. टोरमोदने तिला आधीच सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे तिने शीड शिवायची हाडाची सुई बरोबर आणली होती. सुकाणूपाशी बसलेल्या इवरने हात पुढे केला.

"काकू, हळू हं. शेत राहिलं तुमचं, आता बोटं तरी राहू द्या माझी."

"डोळे मीट."

"कशाला?"

"बघून सगळेच ओरडतात."

त्याने डोळे मिटले. तिने तर्जनीच्या टोकाला सुई टोचली.

"आई गं," इवर म्हणाला, आणि किनाऱ्यावरच्या बायका हसल्या. कोणीतरी म्हणाले, "इंग्रजांना हेच सांग बाबा, पळून जातील." तिने बाकीच्या नऊही बोटांना टोचले. प्रत्येक वेळी तो ओरडला, शेवटी शेवटी मुद्दाम. ती उतरायला वळली तेव्हा लागमनने सुकाणूवरून एक हात काढून पुढे केला. त्याला कोणी सांगितले नव्हते. तिने त्याच्याही बोटांना टोचले. तो ओरडला नाही, पण प्रत्येक वेळी त्याचे बोट जरासे मागे गेले, आणि तेवढे पुरे होते.

शीड वर चढले. लाल, आणि अजून नवे, म्हणून जरा चकाकणारे. आधी ढिले होते, मग दक्षिणेच्या सुळक्यापाशी वाऱ्यात आले आणि मधोमध भरायला सुरुवात झाली. बायका आपापल्या माणसांकडे पाहत होत्या. राग्नाल्टने मधल्या, पाचव्या पट्ट्याकडे पाहिले आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

पुढचे सगळे बेटाला तुकड्यातुकड्यांनी कळले. त्या महिन्यात बेटांच्या गलबतांनी राजाला रात्रीतून पलीकडे उतरवले. त्या उन्हाळ्यात तो हरला नाही. सात वर्षांनी मोठी लढाई झाली आणि तीत बेटांची माणसे राजाच्या बाजूला उभी होती. हाल्डासेचे चौदा गेले होते, अकरा आले. मुख्य भूमी त्याची झाली. त्याच्या माणसांनी बेटांना कागद दिले आणि त्या कागदांतसुद्धा जमीन वल्ह्यांनीच मोजलेली होती, असे फादर म्हणाले. राग्नाल्टने तो राजा कधी पाहिला नाही. कोणी त्याच्याविषयी बोलू लागले की ती विचारी, शीड कसे आहे. ते नऊ वर्षे चालले. जुने झाल्यावर त्याचे तुकडे करून चर्चच्या छपराच्या फटींत भरले. तिथे अजून कुठे कुठे लाल दिसते. तिच्या घराचे वल्हे शेवटपर्यंत एकच मोजले गेले. चर्चमध्ये नावे सातच घेतली जात.

पण त्या संत ब्रिजिटच्या दिवशी गलबत गेल्यावर ती घरी आली, सुई तिच्या जागी खोचली, गाय पिळली आणि सातूची भाकरी थापली. फिन्नुलाने दही पाठवले होते. चूल नेहमीपेक्षा जास्त पेटली होती हे तिच्या लक्षात आले नाही. भाकरी उलटताना तिचे बोट तव्याला लागले. चटका बसला. तिने बोट चटकन मागे घेतले, तोंडात घातले आणि भाकरी करपू लागेपर्यंत तशीच उभी राहिली.